गुलाबपाण्याकडून अत्तराची अपेक्षा

पत्र थोडक्यात: ठाण्यात राहणाऱ्या या वाचक ४६ वर्षांच्या आहेत. फोर्टातल्या एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात नोकरी करतात. सकाळची लोकल, दिवसभर एसी, संध्याकाळी पुन्हा लोकल. आधी त्या ऊदाचा एक दणदणीत परफ्यूम वापरायच्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना अर्धशिशी आहे, त्यांनी एकदा हात जोडून विनंती केली आणि तो परफ्यूम कपाटात गेला. मग मॉलमध्ये एका महागड्या परदेशी कंपनीचा हलका गुलाब त्यांच्या मनात भरला (नाव मुद्दाम छापत नाही). १० मिलीची बाटली २,८०० रुपयांना घेतली, ती आता निम्म्यावर आली आहे. ५० मिली ९,५०० ला आहे आणि १०० मिली १३,५०० ला. घ्यावी की नाही यावर महिनाभर खल चालू आहे. “कुर्ला येईस्तोवर वास गायब होतो,” असं त्या लिहितात. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, “काय गं, आज कुणाकडे हळदीकुंकू?” नवरा म्हणतो, भेंडीबाजारातून तीनशे रुपयांत अस्सल गुलाबाचं अत्तर आणून देतो, दोन दिवस हलणार नाही. शेवटी त्या विचारतात, “एवढ्या पैशांत निदान खरा गुलाब तरी असतो ना? की आपण बाटलीचेच पैसे मोजतो? आणि मुलीच्या क्लासची फी तोंडावर असताना मी हा विचार करणंच चूक आहे का?”

ताई,

मावशीकडच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माझ्याकडे एकच काम असायचं, गुलाबदाणीचं. चांदीची, लांब मानेची, वर भोकांची टोपी. आलेल्या बाईच्या अंगावर ती हलकेच झटकायची. माझी मोठी मावसबहीण अत्तरदाणी घेऊन शेजारी उभी, ती मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तराचं बोट लावायची. बायका खाली बसून कैरीचं पन्हं हातात घेईपर्यंत माझं गुलाबपाणी उडून गेलेलं असायचं. बहिणीचं अत्तर मात्र दुसऱ्या दिवशी भात कालवतानासुद्धा हाताला यायचं. पण गुलाबपाणी टिकलं नाही म्हणून एकाही बाईने कधी तक्रार केली नाही. एप्रिलच्या उकाड्यात चेहऱ्यावर चार थेंब पडले, बाई ‘हुश्श’ म्हणाली, की गुलाबपाण्याचं काम झालं.

तुम्ही घेतलेला परफ्यूम या गुलाबपाण्याच्या घराण्यातला आहे. नवरा सांगतोय ते अत्तराचं घराणं. एकाच फुलाच्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची निम्मी कुचंबणा ही एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजल्यामुळे झाली आहे.

हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. कन्नौजला आजही पाकळ्या आणि पाणी तांब्याच्या देगेत घालून तोंड मातीने लिंपतात, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन साठते त्या भांड्यात, उतरवतात. गुलाबाच्या वासातली सगळ्यात ताजी, ओलसर, नुकतं फूल उमलल्यासारखी बाजू ज्या द्रव्यातून येते, ते फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात सहज विरघळतं. त्यामुळे ऊर्ध्वपातन झालं की ते बहुतेक गुलाबपाण्यात राहतं. तेलात उतरतात ते सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल वगैरे, म्हणजे गुलाबाची मधाळ, किंचित मसालेदार, जड बाजू. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत असताना भांड्यातल्या गरम पाण्यावर साय धरल्यासारखा तवंग आला. तिने तो थोडा थोडा गोळा केला, तेच गुलाबाचं अत्तर. तळहाताला एक थेंब लावला तरी सगळी मैफल दरवळते असं त्याने म्हटलंय, आणि सासूबाईंना मोत्यांचा सर बक्षीस दिला. बक्षीस तवंगाला मिळालं. खालच्या पाण्याला कुणी विचारलं नाही, आणि तुमच्या घरात आज तेच चाललंय.

आता कुर्ल्याचं बघू. तुम्ही घरी तयार होताना परफ्यूम मारता, रिक्षा, प्लॅटफॉर्म, गाडी, म्हणजे कुर्ल्यापर्यंत तास होतो. हलक्या गुलाबात वरच्या थराला बहुधा लिंबूवर्गीय काहीतरी असतं, लिची किंवा नासपतीचा भास असतो, गुलाबी मिरी असते. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत उडतंच, उडण्यासाठीच घातलेलं असतं. मग मधला गुलाब उरतो. आणि तळाला असतात पांढरे मस्क, म्हणजे कस्तुरीच्या वळणाची कृत्रिम द्रव्यं, धुतलेल्या सुती कपड्यासारखा वास देणारी. गोम इथे आहे. यातले काही मस्क बऱ्याच माणसांच्या नाकाला कळतच नाहीत. नाक अधू असतं असं नव्हे, त्या एका द्रव्यापुरतं बंद असतं. शिवाय ज्या वासात आपण सतत असतो तो नाक थोड्या वेळाने नोंदवायचंच सोडून देतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, आठ दिवस गावाला जाऊन आलं की दार उघडताच येतो, तसं. त्यात सकाळचा लेडीज डबा. पलीकडे मोगऱ्याचा गजरा, समोर टाल्कम, कुणाच्या डब्यातली लसणाची चटणी. तिथे तुमच्या हलक्या गुलाबाचा निकाल लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

‘वास गेला’ आणि ‘मला येईनासा झाला’ या दोन गोष्टी वेगळ्या. कोणती खरी ते घरबसल्या कळत नाही, दुसऱ्याचं नाक लागतं. पत्रातच त्याचा पुरावा आहे. मैत्रिणीने हळदीकुंकवावरून चिडवलं ते ऑफिसात, म्हणजे कुर्ल्याच्या कितीतरी पुढे! तिला वास आला म्हणूनच ती बोलली ना? तरीही नीट खात्री करायची असेल तर एक दिवस कुणाला न सांगता लावून जा आणि साडेअकराच्या चहाला जवळ बसणाऱ्या एखादीला सहज विचारा, “मी काही लावलंय का?” दुसरं, एका स्वच्छ सुती रुमालावर एक फवारा मारून तो झाकणाच्या डब्यात ठेवा आणि संध्याकाळी घरी आल्यावर उघडा. बाहेरच्या हवेतून आलेल्या ताज्या नाकाला त्यात काय उरलंय ते बरोबर कळेल.

तुमच्या शेजारच्या टेबलाबद्दलही एक शब्द. अर्धशिशी असलेल्या बाईशेजारी आठ तास बसायचं असेल तर दुपारनंतर मवाळ होणारा परफ्यूम हा दोष कसा? तुम्हाला हवा होता तो गुण नेमका मिळाला, आणि आता तुम्ही त्याच गुणावर रुसला आहात. (त्या बाईंना मात्र हा नवा वास चालतो का, हे एकदा तोंडाने विचारा. हलका आहे म्हणून चालेलच असं नाही.)

‘खरा गुलाब’ हा मला तुमच्या पत्रातला सगळ्यात मजेदार प्रश्न वाटला. खरा म्हणजे कुठला? दादरच्या फुलबाजारातला लांब दांड्याचा लालभडक गुलाब नाकाला लावून बघा. मावळातल्या पॉलिहाऊसमधून व्हॅलेंटाइनसाठी परदेशी जातो, तो. दिसायला देखणा, आठवडाभर ताठ उभा राहणारा, आणि वासाला जवळजवळ कोरा. दांडा आणि टिकाऊपणा वाढवता वाढवता वास हरवला. आपल्या मनातला वास आहे तो गावठी गुलाबाचा, गुलकंदवाल्या, दुपारपर्यंत पाकळ्या गळणाऱ्या फुलाचा. परफ्युमवाल्यांचे गुलाबही मुख्यतः दोनच. एक दमास्क गुलाब, बल्गेरियातल्या काझानलाकच्या खोऱ्यात आणि तुर्कस्तानातल्या इस्पार्तामध्ये होणारा, आणि दुसरा फ्रान्समधल्या ग्रासचा शंभर पाकळ्यांचा गुलाब.

एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात, आणि त्या हाताने, ऊन चढायच्या आत खुडलेल्या. त्यामुळे तुमच्या बाटलीत खरं गुलाबतेल असलं तरी चिमूटभर असणार. बाकीचा गुलाब प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. पण म्हणून तो खोटा ठरत नाही. फुलातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल आणि प्रयोगशाळेतलं, रेणू एकच. उलट, ओलसर पहाटेचा हलका गुलाब नुसत्या तेलातून मिळतच नाही, कारण वर सांगितलं तसं हे द्रव्य पाण्याबरोबर निघून गेलेलं असतं. तो माणसानेच जुळवावा लागतो. पैसे तुम्ही त्या जुळवण्याचे देता, आणि हो, बाटलीचे, दुकानाच्या भाड्याचे, जाहिरातीतल्या चेहऱ्याचेही देता. या शेवटच्या तीन गोष्टींचा वाटा मोठा असतो हे मान्य करूनच विचार करावा.

तुमच्या यजमानांनाही हाच हिशेब लागू आहे. भेंडीबाजारात, मोहम्मद अली रोडवर चांगले अत्तरवाले आहेत, मी स्वतः घेते. पण १० मिली शुद्ध गुलाबतेल म्हणजे तीस-पस्तीस किलो पाकळ्या. तीनशे रुपयांत पाकळ्याच येणार नाहीत, देग आणि सरपण सोडाच. परंपरेने गुलाबाचं अत्तर चंदनाच्या तेलावर उतरवतात, आणि चंदनाचे आजचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत. म्हणजे ते तीनशेचं अत्तरही जुळवलेलंच. वाईट नव्हे, टिकेलही खूप, पण ‘परदेशी ते नकली, आपलं ते अस्सल’ असं यात नाही. शिवाय दोन दिवस न हलणारं अत्तर आणि शेजारी अर्धशिशी, हे गणित यजमानांना तुम्हीच समजवा.

मैत्रिणीच्या शेऱ्याने तुम्ही जरा दुखावलात असं पत्रावरून वाटलं. आपल्याकडे गुलाब नुसता वास म्हणून येतच नाही, तो कार्यक्रम बरोबर घेऊन येतो. लग्नातलं स्वागत, दर्ग्यावरची चादर, उदबत्ती, मिठाईतलं रोज सिरप. म्हणून ऑफिसच्या मंगळवारी तो अंगावर आला की बघणारा दचकतो. पंधरा दिवस तुम्ही तोच लावत राहिलात तर हा वास हळदीकुंकवाचा न राहता तुमचा होईल. तरीही शेरा टोचत असेल तर फवाऱ्यांची संख्या कमी करा, किंवा पुढची बाटली निवडताना ज्यात गुलाबाला लाकडाची, पानाची किंवा चहाची जोड आहे असा गुलाब हुंगून बघा. काळ्या करवंदांसारख्या एका फळाच्या पानांशी गुलाब जुळवलेला, दिप्तिक या परफ्यूम कंपनीचा ‘लॉम्ब्र दां लो’ १९८३ पासून चालू आहे, तो हिरवट आहे, मिठाईकडे जात नाही. ल लाबो या दुसऱ्या कंपनीचा ‘रोझ ३१’ तर इतका लाकडाकडे झुकतो की पुरुषही बिनदिक्कत लावतात. घ्याच असं म्हणत नाही, गुलाबाला किती वाटा फुटतात ते कळावं म्हणून सांगितलं. मला विचाराल तर मैत्रिणीच्या एका वाक्यावरून बाटली बदलू नये.

आता पैसे. तुम्ही अकाउंट्सवाल्या, तेव्हा हिशेब मांडते. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं. दिवसाला चार फवारे धरले तर १० मिली २५ दिवस, ५० मिली १२५ दिवस आणि १०० मिली २५० दिवस. तुमच्या भावांनी रोजचे अनुक्रमे ११२, ७६ आणि ५४ रुपये. कागदावर १०० मिली जिंकते आणि दुकानातली मुलगी तेच सांगेल. माझं मत उलट आहे. कामाचे दिवस धरले तर १०० मिली जवळपास वर्षभर पुरते. इतके दिवस रोज तोच वास लावायची सवय तुम्हाला आहे का? पत्रावरून तरी तुमचं या गुलाबाशी महिन्याभराचंच सूत जमलंय.

खरं तर मला दुसरीच एक गोष्ट खटकली. महिना झाला आणि बाटली निम्मी आहे. म्हणजे तुम्ही दिवसाला दोनच फवारे मारताय, किंवा दिवसाआड लावताय. काटकसर चाललीय. मग वास टिकत नाही यात नवल काय? रोज वापरायची वस्तू हात आखडून वापरावी लागत असेल तर ती रोजची नव्हे, सणावाराची झाली. म्हणून आधी हे करा. उरलेली निम्मी बाटली घरात पिंपभर आहे असं समजून वापरा. बिनवासाचं मॉइश्चरायझर लावल्यावर दोन फवारे कोपराच्या आतल्या बाजूला आणि मानेमागे, दोन सुती ओढणीवर. कापडावर वास कातडीपेक्षा जास्त वेळ धरतो. मनगटं एकमेकांवर घासू नका, त्याने काही ‘मोडत’ नाही, पण वरचा हलका थर उगाच लवकर उडतो. डब्यात बसून फवारा मारायचा मोह आवरा, बंद गर्दीत तो दुसऱ्यांच्या नाकावर जुलूम आहे. दुपारी लागलाच तर वॉशरूममध्ये एक, पुरे. बारा-पंधरा दिवसांत बाटली रिकामी होईल. त्यातला शेवटचा आठवडा महत्त्वाचा. रविवारी कुठेही जायचं नसताना, ओट्याशी फोडणी देण्याआधीसुद्धा हात बाटलीकडे गेला, तर ५० मिली घ्या. संपल्यावर चार दिवस आठवणही झाली नाही, तर ९,५०० रुपये वाचले.

ज्यांनी अजून काहीच घेतलेलं नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगते. कागदाच्या पट्टीवर निर्णय घेऊ नका, पट्टीला घाम येत नाही. एका फेरीत दोन-तीनच वास, त्यातला एकच कातडीवर, आणि तो लावून थेट घरी. कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतात तिचा विशेष उपयोग नाही, त्यापेक्षा आपल्याच बाहीत नाक खुपसा. बाटलीवर ओ द त्वालेत असेल तर सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के, ओ द पार्फममध्ये १५ ते २० च्या आसपास. पण एकाच नावाच्या या दोन बाटल्या म्हणजे पातळ आणि घट्ट वरण नव्हे. बऱ्याचदा मसालाच वेगळा असतो, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या हुंगा. कातडी नाजूक असेल तर खोक्यावर जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनालूल ही नावं बघा आणि आधी कोपराच्या आत लावून दिवसभर थांबा. अर्ध्या किमतीत ‘ओरिजिनल’ देणाऱ्या ऑनलाइन दुकानदाराच्या नादी लागू नका. आणि बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीजवळच्या ड्रेसिंग टेबलावर मिरवू नका. ऊन, उष्णता आणि दमट हवा तिला नासवतात. खोक्यासकट कपाटात ठेवली तर काही वर्षं आरामात राहते.

राहिली क्लासची फी. ताई, ती तुम्ही भरणारच आहात, परफ्यूम घेतला तरी आणि नाही घेतला तरी. तुमच्या आकड्यांवरून पोटाला चिमटा काढायची वेळ आलेली दिसत नाही. वेळ आलीय ती परवानगी मागायची, आणि ती तुम्ही नवऱ्याकडे, मैत्रिणीकडे आणि आता माझ्याकडे मागताय. ती द्यायचा अधिकार माझ्याकडे नाही. एक मात्र विचारते, नवऱ्याने मागचा मोबाइल घेताना घरात महिनाभर खल झाला होता का? झाला असेल तर तुमच्या घरची रीतच तशी, मग ५० मिलीसाठी दरमहा हजार बाजूला टाका आणि दहाव्या महिन्यात घ्या. झाला नसेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

यजमानांना अत्तर आणायला मात्र जरूर सांगा. एवढ्या प्रेमाने म्हणताहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते हातावर लावायला होईल. तेव्हा रेशमी साडीवर थेंब पडू देऊ नका, तेलाचा डाग जात नाही. आणि १० मिलीची बाटली संपली की टाकू नका. झाकण काढून सुती साड्यांच्या घडीत उभी ठेवा. माझी आई अत्तराचे वाळके फाये असेच ठेवायची. महिन्याभराने कपाट उघडाल तेव्हा, कुर्ल्याला गायब झालेला तो वास कुठे गेला होता ते कळेल.